भेगेवरची काच

विसावा धक्का अजून यायचा होता आणि गल्लीनं त्याच्या स्वागताची तयारी करून ठेवली होती.

पहिल्या धक्क्याला माणसं रडली होती, हे खरं. दुसऱ्याला देवाचं नाव घेत रस्त्यावर आली. पाचव्याच्या वेळी मात्र शिंप्याच्या बायकोनं, दूध उतू जाईल म्हणून, बाहेर यायला चक्क नकार दिला आणि तिथून गल्लीची भीड चेपली. न कळवता येतो, घर हलवून सोडतो, बसलेल्यांना उभं करतो आणि परत कधी येणार ते सांगत नाही, म्हणून सलूनवाल्यानं भूकंपाला 'जावईबापू' म्हणायला सुरुवात केली. नाव असं चिकटलं की शाळेतली पोरंही "बाई, जावईबापू आले!" म्हणत बाकाखाली शिरू लागली. वादळांचं तर विचारूच नका. ऐन उन्हाळ्यात लिंबाएवढ्या गारा पडल्या. एका दुपारच्या वाऱ्यानं शिंप्याच्या दुकानातल्या सहा पँटी उचलून कोर्टाच्या छपरावर नेऊन पसरल्या आणि वकिलांनी त्या आठ दिवस खाली काढू दिल्या नाहीत. मालकी सिद्ध व्हायची होती म्हणे.

देवानं माणसाला भीती दिली ती एकटी दिली नाही. तिच्या शेजारच्याच खोलीत हसू ठेवलं आणि मधली भिंत पातळ ठेवली. ऐकणाऱ्यानं कान लावला तर एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत ऐकू येतं.

नगरपालिकेच्या इंजिनिअरनं घरोघर फिरून सांगितलं होतं की जिथं भिंतीला तडा असेल तिथं आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवा. भिंत हलली की पट्टी फुटेल. फुटली की घर सोडा, वाद घालू नका. काच म्हटली की सगळे नानांकडे आले. पन्नास वर्षं खिडक्यांना काचा बसवणाऱ्या नानांनी गल्लीतल्या प्रत्येक घराला पट्टी कापून दिली. एक स्वतःच्या घरातही लावली, दुकानामागच्या खोलीत, खिडकीखालच्या भेगेवर.

गल्लीतल्या बाकीच्या सगळ्या पट्ट्या शाबूत राहिल्या. फुटली ती नानांची. गुरुवारी. त्याच दुपारी नानांनी दोन्ही मुलांना फोन केले आणि रविवारी दोघंही दारात हजर झाले. आई गेल्याला दोन वर्षं झाली होती. त्यानंतर ही भावंडं एका छपराखाली जेवली नव्हती.

"गुरुवारी?" सलूनवाला दारातच थबकला. थोरल्याची, म्हणजे दादाची, गाडी पाहून तो हातातला कंगवाही न ठेवता आला होता. "नाना, मी प्रत्येक धक्क्याला आरशावर साबणाची रेघ मारतो. मंगळवारी एक आहे, शनिवारी एक आहे. गुरुवार कोरा."

"बारीक असेल," नाना म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

"किती बारीक? गुरुवारी मी पोस्टमास्तरांची दाढी करत होतो. जावईबापू आले असते तर आज मास्तरांना एका कानावर चष्मा लावावा लागला असता!"

बारक्या, म्हणजे धाकटा, लांबच्या गाड्यांवरचा बस ड्रायव्हर, खो खो हसला. दादा हसला नाही. तो विम्याच्या कचेरीत नुकसानीचे दावे तपासायचा.

"हसा," दादा म्हणाला. "माझ्या टेबलावर रोज फोटो येतात. भिंत पडलेली, छप्पर बसलेलं. प्रत्येक फोटोतला माणूस आदल्या दिवशी हसतच होता."

"आणि न हसणाऱ्यांची घरं उभी राहिली का, तेवढं सांग," सलूनवाला म्हणाला. आणि तो कंगवा खिशात घालून निघून गेला.

हे सगळं चाललं असताना ताई दुकानातल्या लांब टेबलाशी उभी राहून काचेचे तुकडे पेटीत टाकत होती. ती या दोघांमधली. लग्न मोडल्यावर परत आली आणि नानांच्या शेजारी उभं राहून काम शिकली. आता बाहेरची सगळी कामं तीच करायची. तिला गुरुवार कोरा आहे हे सलूनवाल्याच्या आधीपासून माहीत होतं. कामावरून येऊन तिनं पट्टी पाहिली होती आणि काही न बोलता भात टाकला होता. भाऊ येतील, जेवतील, नानांच्या जिवाला बरं वाटेल, आणि जातील. एवढंच तर आहे, असं तिला वाटलं होतं.

दादाच्या बॅगेत कागद होता, हे तिला त्याच्याबरोबर आलेल्या वहिनीकडून कळलं.

*

वहिनीनं भाजी चिरता चिरता सांगून टाकलं, कारण तिच्या पोटात काही राहत नसे. ती लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. जे सांगायचं ते सोप्या शब्दांत आणि दोनदा सांगायचं, ही सवय घरीही सुटली नव्हती.

"आमच्या शेजारची जागा घेतलीय भाड्यानं. नानांसाठी. शेजारचीच, भिंतीला भिंत. हे आज करारावर त्यांची सही घेणार. दुकान बंद, घर बंद. पडदेसुद्धा शिवून झालेत."

"पडदे?"

"निळे." वहिनीची सुरी थांबली. आपले वडील गेल्यापासून घरात म्हातारं माणूस नाही, संध्याकाळी कुणी 'आलीस का गं' म्हणत नाही, हे तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. पडदे शिवताना ती एकटीच गुणगुणली होती. "ताई, तुम्हाला राग आला का?"

"मी कुठे राहायचं, वहिनी?"

वहिनीनं खाली बघितलं. "खोली एकच आहे. पण तुम्ही आमच्याकडे... हॉलमध्ये... तात्पुरतं..."

"आणि माझं टेबल? माझी काच?"

"काच तिकडेही असेलच की कुणाकडे. नोकरी बघता येईल."

ताईनं पातेल्यावर झाकण ठेवलं. तिला वहिनीचा राग येत नव्हता, हीच अडचण होती. रागावता येईल असं या घरात आज कुणीच नव्हतं. आतल्या खोलीत भिंतीवर चार बोटं काच होती. त्या काचेबद्दल तिनं एक वाक्य उच्चारलं असतं तर घर वाचलं असतं. पण ते वाक्य जेवणाच्या टेबलावर, सुनेच्या देखत, नानांच्या पानात पडलं असतं.

"बरं," ती म्हणाली. "पानं घ्या."

*

नाना फार दिवसांनी पोटभर जेवत होते. टेबलाच्या चारी बाजू भरलेल्या होत्या. बारक्या रस्सा ओरपत होता आणि घाटात गारांनी बसची पुढची काच कशी फुटली ते सांगत होता. "प्रवासी म्हणतात, पैसे परत द्या. मी म्हटलं, बाहेरचं इतकं स्वच्छ कधी दिसलं होतं का? वर वारा फुकट!" तेच हातवारे, आईचे. मीठ मागताना दादा 'मीठ' म्हणत नव्हता, नुसती भुवई उचलत होता. तेही तिचंच. नाना एकेका घासाला एकेकाकडे बघत होते. कीर्तनाला पहिल्या रांगेत बसलेला माणूस बघतो तसे, एकही शब्द हुकू नये म्हणून.

मग दादानं ताट सरकवलं आणि कागद काढला.

"नाना, पट्टी फुटलीय. इंजिनिअरचा नियम तुम्हीच गल्लीला सांगत होतात. इथं सही करा. पुढच्या रविवारी टेम्पो आणतो."

"टेम्पो?" नाना म्हणाले.

"सामान न्यायला. तुम्ही आमच्याकडे येताय."

"दादा, आणि ताई?" बारक्यानं विचारलं.

"तिची सोय करू."

"सोय करू म्हणजे? ती काय पार्सल आहे?"

"मग तू ने. तुझं घर कुठे असतं, हायवेवर? नेहमीचंच तुझं. बोलायला पुढे, करायला स्टँडवर!"

"अरे, जेवताना तरी..." नाना म्हणाले. पण त्यांचं पुढचं वाक्य भांड्यांनी घेतलं. आधी चमचे वाजले. मग दुकानातल्या काचा रॅकमध्ये एकमेकींना घासून किणकिणल्या, शेकडो, एकदम.

"टेबलाखाली!" वहिनी शाळेच्या आवाजात ओरडली. "डोकं खाली! ढकलाढकली नको! डोकं खाली!"

आणि पाचही मोठी माणसं टेबलाखाली शिरली. दादाचं डोकं बारक्याच्या काखेत, वहिनीचा हात नानांच्या डोक्यावर, ताईची पाठ दादाच्या पाठीला. बारक्या ताट घेऊन खाली आला होता.

"रस्सा सांडला की वहिनींची शिक्षा मोठी असते," तो कुजबुजला. वहिनीला आधी उचकी लागली आणि मग हसू. हसू एका अंगातून दुसऱ्या अंगात गेलं, कारण मध्ये जागाच नव्हती. दादासुद्धा हसला. नानांना ते दिसलं नाही. हाताला कळलं, कारण त्यांचा हात दादाच्या खांद्यावर होता. हा खांदा इतका रुंद कधी झाला? शेवटचा हात ठेवला तेव्हा तो शाळेच्या दप्तराचा होता.

देवा, थोडा वेळ हलू दे, नानांनी मनात म्हटलं आणि लगेच जीभ चावली. गल्लीत पोरंबाळं होती. पण मागितलेलं परत घेता येईना.

धक्का थांबला. बाहेरून सलूनवाल्याचा आवाज आला, "वी-स! जावईबापू जेवणाच्याच वेळेला!" गल्लीत हशा पिकला.

दादा सगळ्यात आधी बाहेर आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि हसू त्या चेहऱ्यावर विसरून राहिल्यासारखं दिसत होतं. त्यानं पेन उघडलं.

"बास. पुढचा रविवारही नाही. आजच निघायचं. सही करा, नाना."

नानांनी पेन घेतलं. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. बोला, नाना. तुम्हीच बोला, म्हणजे मला बोलावं लागणार नाही. नानांनी चष्मा वर केला आणि सहीची जागा शोधू लागले.

ताई उठली. "दादा, आत चल जरा. पट्टी एकदा नीट बघून घे."

"गुरुवारीच कळलंय ना फुटलीय ते."

"कळलंय. बघितली नाहीस. तुमच्या कचेरीत न बघता दावा मंजूर होतो का?"

*

आतल्या खोलीत काच बसवायच्या लुकणाचा, वाळलेला वास होता. दादाला तो वास नको होता. या वासानं त्याला दहा वर्षांचा करून टाकलं असतं. तो खिडकीखाली वाकला. पट्टीचे दोन्ही अर्धे जागच्या जागी होते, आत्ताच्या धक्क्यानंतरही एकमेकांना लागून, केसाचीही फट नाही. तपासणीदाराच्या डोळ्याला हे आधी खटकलं. भिंत सरकली असेल तर तुकडे सरकायला हवेत.

ताईनं पातळ पात्यानं एका बाजूचं सिमेंट खरवडलं, अर्धी पट्टी सोडवली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

दादाचा अंगठा आपोआप कडेवरून फिरला. त्याला तो थांबवता आला नाही. हे शिकवलं होतं नानांनी, तिघांनाही, वाचायला यायच्या आधी. आपणहून फुटलेली काच वाकडी जाते, तिच्या कडेला लाटा असतात. कापलेल्या काचेला वरच्या अंगाला बारीक खरखर असते, काच कापायच्या हिरकणीनं ओढलेल्या रेघेची. खालची बाजू पाण्यासारखी गुळगुळीत. अंगठ्याखाली खरखर होती. रेघ काटकोनात होती. मोजपट्टी धरूनच ओढलेली असणार.

म्हाताऱ्यानं पट्टीच्या नियमात लबाडी केली तीही नियमानं. नुसती हातोडी मारायची. पण पन्नास वर्षांत त्या हातानं कधी काच नुसती फोडली नव्हती. आधी रेघ, मग टिचकी.

"फोनवर मला म्हणाले," दादा खालच्या आवाजात म्हणाला, "घर रिकामं वाटतं रे. मला वाटलं, भीती वाटते म्हणून म्हणतायत. मी म्हटलं, घाबरू नका, मी सोय करतो."

ताईचा चेहरा हलला नाही. "असं म्हणाले? रिकामं?"

"हो." आपण काय बोलून गेलो ते दादाला कळलं, पण उशिरा.

बारक्या दारात येऊन उभा राहिला होता. त्यानं हात पुढे केला, काच घेतली, अंगठा फिरवला. त्यानं काच दादाला परत दिली आणि कपाळ पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले.

दादा बाहेर आला. नाना पेन हातात धरून बसले होते आणि टेबलाकडे बघत होते. दादानं कागदाची चौपट घडी केली.

"दावा नामंजूर," तो म्हणाला.

"का हो?" वहिनी म्हणाली. "फुटलीय ना?"

"काच जुनी होती. सदोष. अशा काचेवर निर्णय घेता येत नाही." तो कुणाच्याच डोळ्यांत न बघता बोलत होता. "नवी पट्टी लावू. बुधवारी इंजिनिअर घेऊन येतो, भिंत तोच बघेल. त्यानं 'सोडा' म्हटलं तर मात्र एक शब्द ऐकणार नाही. आणि पट्टी दर रविवारी मी बघणार. स्वतः. फोनवर सांगितलेलं चालणार नाही."

"मंगळवारी मी बघीन," बारक्या म्हणाला. "मंगळवारी माझी गाडी इथूनच सुटते. तासभर असतो."

"अहो, पण मी पडदे..." वहिनी म्हणाली आणि थांबली. नवऱ्याचा अंगठा पँटच्या शिवणीवर फिरत होता, पुन्हा पुन्हा, त्याच जागी. काय झालं ते तिला कळलं नाही, पण काहीतरी झालं ते कळलं. "इथल्या खिडकीला होतील. मोठे पडतील, कापून घेऊ."

नानांनी तिघांकडे एकेक करून बघितलं. मग पेनाला टोपण लावलं. "चहा ठेवा कुणीतरी," ते म्हणाले.

*

गाडी गेली. बारक्याही स्टँडकडे गेला. चार वाजता नाना दुकानात टेबलाशी येऊन उभे राहिले. ताई नवी पट्टी कापत होती. रेघ, टिचकी. तुकडा वेगळा झाला.

"तूच दिलीस त्याच्या हातात."

"हो."

"कधीपासून माहीत होतं?"

"गुरुवारपासून. इतकी सरळ रेघ या गावात दुसऱ्या कुणाची येत नाही."

नानांना नको त्या वेळी बरं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. "वाकडी फोडायला पाहिजे होती."

"हातोडी होती शेजारीच."

"घेतली होती हातात. नाही मारवली. रागावलीस?"

ताईनं हिरकणी खाली ठेवली. "तुम्ही दादाला म्हणालात, घर रिकामं वाटतं."

नानांनी नुकतीच कापलेली पट्टी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"मी तुमच्या आधी उठते. तुमच्यानंतर दिवा मालवते. मधल्या वेळात दहा घरी काचा बसवते आणि येताना तुमच्या गोळ्या आणते. मी घरात असताना घर रिकामं कसं असतं, नाना? मला काही मागायचं नाही. नुसतं समजून घ्यायचंय."

उत्तर सोपं नव्हतं आणि नानांनी ते सोपं करायचा प्रयत्नही केला नाही. त्यांनी टेबलावरची काचेची धूळ हातानं एका बाजूला लोटली.

"तुझी वाट कधी बघावीच लागली नाही गं," ते म्हणाले. "ते दोघं गेले तेव्हापासून मी दाराकडे तोंड करून बसलो. तू माझ्या पाठीशी उभी होतीस. पाठीशी असलेलं माणूस दिसत नाही. त्यात तुझी चूक नाही. माझ्या बसण्याची चूक आहे."

ताईला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. तिनं मोजपट्टी पिशवीत टाकली आणि पिशवी खांद्याला लावली.

"शाळेच्या खिडक्यांची मापं राहिलीत."

"आज रविवार आहे."

"खिडक्या रविवारी लहान होत नाहीत."

"बरं, बरं." नाना दारापर्यंत तिच्या मागोमाग आले. उंबरठ्याशी त्यांचा पाय अडला. त्यांनी जे विचारलं ते ती परत आल्यापासूनच्या सहा वर्षांत कधी विचारलं नव्हतं, कारण विचारायची गरजच पडली नव्हती. "कधी येशील?"

"बघते," ताई म्हणाली.

गल्लीत सलूनवाला आरशावर विसावी रेघ ओढत होता. "ताई, वीस झाले! पंचविसाव्याला जावईबापूंना अर्धी दाढी फुकट!"

"अर्धीच का?"

"उरलेली अर्धी करायला ते स्थिर बसतील कशावरून?"

ती हसली, मनापासून हसली आणि चालत राहिली. गल्लीच्या टोकाला पोचल्यावर तिनं मागे वळून बघितलं. नाना दारातच होते. एक हात चौकटीला, दुसरा डोळ्यांवर. उन्हं तिरपी झाली होती. ती त्यांना नीट दिसत असेल की नाही, कोण जाणे. तरी ते बघत होते.

शाळा डावीकडे होती, पाच मिनिटांवर. ताई उजवीकडे, लांबच्या रस्त्याला वळली.